कानातला आवाज आणि समोरची खोली

पत्नी जाऊन चार महिने झाले होते तेव्हा माझ्या कानात आवाज सुरू झाला.

तिला क्षयाने नेलं. तिचं दुखणं उशिरा कळलं. माझं वेळेत कळलं, कारण तिच्यामुळे माझीही तपासणी झाली. मला सुया सुरू झाल्या. शेवटच्या काही सुया राहिल्या असताना एका सकाळी मी वर्गात फळ्यावर गणित लिहीत होतो आणि मागून बारीक, न थांबणारी शीळ ऐकू आली. वळून विचारलं, कोण वाजवतंय? तिसरीतली मुलं एकमेकांकडे पाहू लागली. एक मुलगी उभी राहून म्हणाली, कुणीच नाही, गुरुजी. मी पुन्हा फळ्याकडे वळलो. शीळ चालूच होती.

गिरगावात कानाचे एक वयस्कर डॉक्टर होते. माझं बालपण तिकडेच मामाच्या घरी गेलेलं, म्हणून ते माहीत होते. त्यांनी नादकाटा आपटून आधी कानाशी, मग कानामागच्या हाडावर धरला आणि सांगितलं की छाती वाचली ती त्या सुयांमुळे आणि कान दुखावला तोही त्यांच्यामुळेच. आवाज बाहेरचा नाही. कदाचित तो जाणारही नाही. पुढे ऐकू येणं कमी होईल का, ते आत्ता सांगता येत नाही. मी विचारलं, मग करू काय?

"त्याला एकटं सोडू नका," ते म्हणाले. "शांततेत तो माजतो. त्याच्या शेजारी दुसरा एखादा आवाज ठेवा."

कोणता, ते त्यांनी माझ्यावरच सोडलं. घड्याळ म्हणाले, पंखा म्हणाले, रेडिओ म्हणाले. परदेशात यासाठी यंत्रं निघाली आहेत असं त्यांनी कुठे वाचलं होतं, पण ती त्यांनीही पाहिली नव्हती. उतरताना त्याच इमारतीतल्या गायनाच्या वर्गात एक मुलगी तानपुरा छेडत बसली होती. दारात थोडा वेळ उभा राहिलो. माझ्या कानातला स्वर तिच्या तारेच्या खूप वर होता, तरी तारा घुमत होत्या तोवर त्याची धार कमी वाटली. तिला शिकवणाऱ्या गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं तसा मी खाली आलो. रोज संध्याकाळी परळहून गिरगावात येऊन दाराबाहेर उभं राहणं हा काही उपाय नव्हता.

मग मी एकेक करून पाहिलं. गजराचं घड्याळ उशाशी ठेवलं. त्याची टिकटिक कानातल्या शिळेत मिसळेना, दोन्ही वेगवेगळे ऐकू येत. नळाखाली बादली ठेवून धार बारीक सोडली. तो आवाज सगळ्यांत चांगला होता, पण चाळीत पाणी सकाळी तासभर यायचं. खालच्या शिंप्याच्या दुकानात रेडिओ होता. एका दुपारी काटा फिरवताना दोन स्टेशनांच्या मधली खरखर लागली आणि मी म्हटलं, राहू दे, राहू दे. शिंप्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यानंतर मी तिथे फारसा गेलो नाही.

पण खरी अडचण वेगळी होती आणि ती मी डॉक्टरांना सांगितली नव्हती. मला शांतता हवी होती ती तिचा आवाज आठवायला. आधीचे चार महिने मी रोज संध्याकाळी, तिवईवर पुस्तक उघडं ठेवून, तिचं एखादं वाक्य मनात म्हणत असे. 'भात वाढू का?' एवढंच. मग तिचा आवाज यायचा, थोडा घोगरा, शेवटचा शब्द वर नेणारा. शीळ सुरू झाल्यावर तो येईनासा झाला. शब्द यायचे, आवाज नाही. शीळ त्या आवाजावर बसली होती. आणि शिळेला झाकायला दुसरा आवाज आणावा, तर तो दोघांवरही बसायचा. कुठलाही उपाय तोलून पाहताना माझ्या मनात हाच हिशेब असे, की शिळेबरोबर ती किती झाकली जाईल.

आता समोरच्या खोलीविषयी लिहिलं पाहिजे.

आमची चाळ चौकाभोवती होती. आमच्या दारासमोर, चौकापलीकडच्या गॅलरीत बारा जणांची एक खोली होती. सगळे तळकोकणातले, सगळे गिरणीत, बायकामुलं गावी. त्यांच्यातला एक साचेवाला होता, म्हणजे कापड विणायच्या मागांवर काम करणारा. माझ्याच वयाचा. तो माझ्या सासऱ्यांच्या हाताखाली काम शिकलेला. सासरे साचेखात्यात आयुष्य काढून ठार बहिरे झाले होते. साचेखात्यात शेकडो माग एकदम चालतात, तिथे शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही, म्हणून तिथले लोक नुसते ओठ हलवून बोलतात आणि ओठ बघून समजून घेतात. सासरे बहिरे झाल्यावर घरातही हीच बोली सुरू झाली. माझी पत्नी ती लहानपणापासून बोलत होती. आठ वर्षांची असताना ती गिरणीच्या दरवाजावर बापाचा डबा घेऊन जायची, तेव्हापासून हा साचेवाला तिला बाय म्हणत असे, धाकट्या बहिणीला म्हणतात तसं.

लग्न होऊन ती माझ्या खोलीत आली आणि समोर हा. चाळीतल्या इतर बायका चौकापलीकडे हाका मारून बोलत. ही दोघं ओठांनी बोलत. मी संध्याकाळी सात ते नऊ बी.ए.चा अभ्यास करत बसे. ती उंबऱ्यात चौकटीला टेकून तांदूळ नाहीतर भाजी निवडत बसे आणि तिचा चेहरा मला एका बाजूने, डावीकडून दिसे. मधूनच ती मान वर करी. ओठ पुढे येऊन गोल होत, मग खालचा ओठ दातांना लागे, तोंड उघडे, आणि जीभ दातांमागे दोन-तीनदा दिसे. तेवढंच. मग ती पुन्हा खाली बघे. रोज हेच, कधी एकदा, कधी चारदा. समोरून तो मान हलवी.

मी कधी विचारलं नाही. संशयाला जागा नव्हती आणि मला संशय नव्हताच. पण माझ्या घरात, माझ्यापासून चार हातांवर एक भाषा चालू होती आणि तीन भाषांची व्याकरणं पाठ असलेल्या मला ती येत नव्हती. मत्सर वाटायचा. इतक्या वर्षांनी तो शब्द लिहायला हरकत नाही.

तो पुढे वाढला. इस्पितळात शेवटच्या दोन महिन्यांत तिचा रोग घशात उतरला आणि डॉक्टरांनी तिला बोलायची बंदी केली. मी शाळेतली एक पाटी नेऊन दिली. ती चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर सावकाश काढी. पाटीवर ती लिही, 'दूध नको', 'चादर', 'आता जा, उशीर होतो'. मी वाचून पुसून टाकी. आणि पहिली पाळी सुटल्यावर तो यायचा, खाटेच्या पायथ्याशी उभा राहायचा, आणि ती ओठांनी बोलू लागायची. त्याने घशाला काही होत नाही म्हणून नर्सही अडवत नसे. भराभर बोलायची, मधूनच हसायची. मी पाटी मांडीवर घेऊन बघत बसायचो. माझ्या वाट्याला दूध आणि चादर, आणि बाकी सगळं त्याच्या.

ती गेली तेव्हा मला वाटलं, तिच्या शेवटच्या दोन महिन्यांतलं सगळं बोलणं या माणसाकडे आहे. त्याने एकदा येऊन ते मला सांगावं असं वाटे. आणि त्याला सांगायला यावंच लागू नये, असंही वाटे.

त्या वर्षांत परळ-लालबाग भागात संयुक्त महाराष्ट्राच्या सभा सतत होत. मी त्या सभांना कानासाठी जात असे, हे लिहिताना संकोच वाटतो. कर्ण्यांच्या जवळ उभं राहिलं की शीळ बुडून जाई, आणि 'झालाच पाहिजे' म्हणून हजारो लोक ओरडले की दोन-तीन मिनिटं माझ्या डोक्यात माझं असं काहीच उरत नसे. तिला आठवायचा मी तिथे प्रयत्नही करत नसे, म्हणून ते सुटीसारखं वाटे.

एकदा कामगार वस्तीतल्या एका मैदानावर कर्णे मध्येच बंद पडले. वक्ते बोलत राहिले, मागच्यांना काही ऐकू येईना, गलका सुरू झाला. तेवढ्यात पुढच्या बाजूला एक माणूस कठड्यावर चढला आणि गर्दीकडे तोंड करून वक्त्यांचं बोलणं ओठांनी सांगू लागला. गर्दीत जागोजाग साचेवाले होते. ते त्याच्याकडे बघत आणि आपल्या आसपासच्यांना मोठ्याने सांगत. वाक्य असं टप्प्याटप्प्याने मैदानभर पोचत होतं. हशासुद्धा टप्प्याटप्प्याने येत होता. कठड्यावरचा माणूस म्हणजे समोरच्या खोलीतला तो साचेवाला. कर्णे बंद होते, शीळ परत आली होती, आणि मी त्या हजारो लोकांत उभा राहून विचार करत होतो की याला तिचं सगळं समजत होतं.

परतताना त्यानेच मला गाठलं. लोकांकडून त्याला माझ्या कानाचं कळलं होतं. शिंप्याने सांगितलं असणार.

"माझ्या पण कानात वाजता, मास्तरांनू," तो म्हणाला. "वीस वर्सां झाली. आता तां घरचाच झाला."

मी विचारलं, झोप लागते का? त्याने माझ्याकडे नवलाने पाहिलं. पाठ टेकली की लागते म्हणाला. मला त्याचाही मत्सर वाटला. तीच शीळ त्याच्या कानात, आणि तो ढाराढूर झोपणार.

मग तो म्हणाला, एकदा साचेखात्यात येऊन बघा, तिथे ती अजिबात ऐकू येत नाही. जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला सांगून त्याने एका शनिवारी मला आत नेलं. दार उघडलं तेव्हा आवाज छातीवर आदळला. जमीन हलत होती, हवेत कापसाची तूस, आणि आडवा धागा नेणारे धोटे इतक्या वेगाने इकडून तिकडे जात होते की दिसत नव्हते. दहा-बारा पावलं आत गेल्यावर लक्षात आलं, शीळ नाही. कुठेच नाही. सभेत ती बुडायची, पण इतकी साफ गेलेली ती पहिल्यांदाच. माझे डोळे भरून आले आणि मी तूस गेल्याचं निमित्त करून पुसले.

आजूबाजूला माणसं बोलत होती. एक जण तीन माग पलीकडच्याला काहीतरी सांगत होता आणि तो हसत होता. सगळा गप्पांचा अड्डा होता आणि मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. त्याने माझ्याकडे वळून ओठ हलवले. मी मान हलवली, कळल्यासारखी.

बाहेर चहाच्या दुकानात बसल्यावर विचारलं, आत काय म्हणालात? "कान गप झालो काय, तां इचारलंय," तो म्हणाला.

शीळ तोवर परत आली होती. आणि मला सुचलं की इतके दिवस मी चुकीच्या जागी शोधत होतो. तिचा आवाज झाकला गेला असेल, पण तिचे ओठ मी पाहिले होते. ते आठवायला शांतता लागत नाही. फक्त ते वाचता आले पाहिजेत.

मी त्याला खोटं सांगितलं. म्हटलं, डॉक्टरांना भीती वाटते की माझं ऐकणं जाईल, तर मला ही बोली शिकवा. ते अगदीच खोटं नव्हतं. त्याने विचारसुद्धा न करता हो म्हटलं. गिरणीच्या सुटीच्या दिवशी तो यायचा, माझ्यासमोर बसायचा आणि शब्द करून दाखवायचा. शिकवणं चांगलं होतं, माझ्यापेक्षा चांगलं. मी चुकलो तर तो हसत नसे, फक्त तोच शब्द जरा सावकाश करी. प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात, तेव्हा सुटं अक्षर बघू नका, अख्खं वाक्य बघा, म्हणायचा. "अक्षरां बघतत ते मास्तर लोक," असं एकदा म्हणाला आणि मग स्वतःच वरमला.

पाच-सहा महिन्यांत मला थोडंफार यायला लागलं. तरी मी माझ्या आठवणीतले ते ओठ वाचायचं पुढे ढकलत होतो. काय निघेल कोण जाणे, असं वाटे. शेवटी ते वाचायची गरजच पडली नाही.

एका संध्याकाळी मी सवयीने पुस्तक उघडून बसलो होतो. समोरच्या खोलीतल्या दोघांचा कशावरून तरी आवाज चढला. तो गॅलरीत उभा होता. तो त्यांच्याकडे वळला आणि त्याचे ओठ पुढे येऊन गोल झाले. मग खालचा ओठ दातांना लागला, तोंड उघडलं, जीभ दातांमागे दोन-तीनदा दिसली.

'हळू. वाचतत ते.'

दोघं गप्प झाले.

मी पानावर बोट ठेवून बसून राहिलो. चाळीतल्या सगळ्या खोल्यांतून संध्याकाळी स्टोव्हचे, पाढ्यांचे, भांडणांचे आवाज येत. बारा माणसांची ती एकच खोली सात ते नऊ गप्प असे. कामाने थकत असतील, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. त्या शांततेत मी बी.ए. झालो होतो.

मला आधी तिची आठवण यायला हवी होती. पण पहिल्यांदा मनात आलं ते हे, की तिचे शब्द त्याच्या तोंडात अजून जिवंत आहेत आणि माझ्याकडे पुसलेली पाटी आहे.

त्या दिवसापासून मी रोज सातला पुस्तक घेऊन दाराकडे तोंड करून बसू लागलो. वाचत नसे. त्या शांततेत शीळ इतकी वाढे की कपाळ दुखे. डॉक्टरांनी जे करू नका म्हणून सांगितलं होतं, तेच मी करत होतो. पण दोन तासांत एकदा तरी कुणी समोर मोठ्याने बोले, आणि मग तो ओठांनी ते दोन शब्द म्हणे, कधी तीन. मी त्यासाठी बसत असे. एखाद्या दिवशी कुणीच आवाज केला नाही तर मला त्यांचा राग येई.

असं बरेच महिने चाललं. मग मुंबईसह महाराष्ट्र मिळणार हे नक्की झालं. चाळीत पताका आल्या, चौक धुवायचं ठरलं. त्याच सुमाराला एका संध्याकाळी तो माझ्या दारात येऊन उभा राहिला. बसा म्हटलं तर बसला नाही.

"पोरांका भजनाची तालीम करूची हा," तो म्हणाला. "महाराष्ट्र झालो काय चौकात भजन लावचा म्हणतत. मृदंग वाजतलो. रोज सांजचो."

"मग वाजवा की."

"तसां नाय. बायन सांगितल्यान होता, सांजचो आवाज करू नको. आता तां मोडूचा तर तुमका इचारूक व्हया."

मी विचारलं, कधी सांगितलं होतं? लग्न होऊन आली त्याच आठवड्यात, तो म्हणाला, आणि मग रोज. मी जे कधी विचारलं नव्हतं ते तेव्हा विचारलं. इस्पितळात ती एवढं काय बोलायची?

"गावचां सांगी. बापाशीचां सांगी. पण मी गेलंय की पयला इचारी, पोरां गप असतत ना? ते वाचतत ना?"

शीळ चालू होती. मी त्यातून त्याचे शब्द नीट ऐकले. त्याच्या ओठांकडे बघत होतो, म्हणूनही कळले असतील.

नाही म्हणावं असं मनात आलं, हे खोटं कशाला सांगू? नाही म्हटलं असतं तर तो काही न बोलता परत गेला असता आणि आणखी दहा वर्षं मुलांना गप्प करत राहिला असता. हो म्हटलं की ते शब्द कुणाच्याच ओठांवर येणार नव्हते.

"वाजवू दे त्यांना," मी म्हटलं. "पण ती कसं सांगायची, ते एकदा मला करून दाखवा. अगदी तिच्यासारखं."

त्याला यात काही विचित्र वाटलं नाही. साचेखात्यात ज्याची-त्याची बोलायची ढब सगळ्यांना पाठ असते, एकमेकांची नक्कल तर रोजचीच. तो माझ्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभा राहिला, मान थोडी वर केली आणि ते म्हटलं. ओठ गोल झाले, खालचा ओठ दातांना लागला, आणि शेवटच्या शब्दाला तोंडाचा उजवा कोपरा किंचित खाली गेला.

"हे काय?" मी विचारलं. "तो कोपरा?"

"तां तसांच करी ती. ल्हानपणापासून."

मी तिच्या डावीकडे बसत होतो. मला ते ठाऊक नव्हतं.

तो गेला. थोड्या वेळाने समोर मृदंगावर थाप पडली, झांजा आल्या, बारा माणसांचे आवाज एकदम चढले, आणि कानातली शीळ हळूहळू बुडाली. इतके उपाय केले त्यांत हाच सगळ्यांत चांगला निघाला, आणि तो चौकापलीकडे होता. पुढे मी तसं डॉक्टरांना सांगितलंही. ते खूश झाले.

त्या पहिल्या संध्याकाळी मी पुस्तक मिटून ठेवलं आणि ती वेणी घालायची त्या आरशासमोर उभा राहिलो. ते शब्द ओठांनी म्हणून पाहिले. गोल, मग दात, मग जीभ, सगळं जमत होतं. भजन संपेपर्यंत मी म्हणत होतो. तो उजवा कोपरा तेवढा माझ्याच्याने खाली जाईना.